माळ रिकामा समजू नका : वाहनांच्या चाचणी ट्रॅकसाठी जागा शोधणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ,
जिल्हा प्रशासन, सोलापूर,
आणि सोलापुरात मोठा उद्योग यावा म्हणून धडपडणारे सर्व लोकप्रतिनिधी व उद्योजक

सप्रेम नमस्कार.

एखाद्या वाहन कंपनीच्या चाचणी ट्रॅकसाठी सोलापूर जिल्ह्यातली जमीन दाखवायचा विचार कधी पुढे आला, तर त्याच्या आधी हे पत्र तुमच्या टेबलावर असावं एवढ्यासाठी लिहितो आहे. माझ्यासमोर आज असा कुठलाही प्रस्ताव नाही. पण प्रस्ताव आल्यावर लिहिण्याला फारसा अर्थ उरत नाही, हे मी या धंद्यात राहून पाहिलं आहे. जागा ठरते, मोजणी होते, मोबदल्याचे आकडे गावात फिरायला लागतात, आणि त्यानंतर पर्यावरणाचा अहवाल लिहायला घेतात. बैल गेला आणि झोपा केला, तशातली गत.

मी उत्तर सोलापूर तालुक्यातला. घरची शेती कोरडवाहू, आजोळी मेंढरं. पोटापाण्यासाठी पुण्याकडे गेलो आणि वाहन चाचणीच्या कामात पडलो. नव्या गाड्या बाजारात येण्याआधी ज्या ट्रॅकवर पळवतात, तिथे माझी उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे ट्रॅकही माहीत आहे आणि माळही.

आधी एक स्पष्ट करतो. ट्रॅक नकोतच असं मी म्हणणार नाही. ब्रेक, टायर, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा), वळणावर गाडी किती स्थिर राहते, हे सगळं बंद ट्रॅकवरच तपासलं पाहिजे, रहदारीच्या रस्त्यावर नाही. 2022 साली आपल्या देशात रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजारांहून जास्त माणसं गेली. गाडी वेळेत थांबली म्हणून जो वाचतो, त्याच्या मागे कुठल्या तरी ट्रॅकवर केलेल्या हजारो ब्रेकच्या चाचण्या असतात. हे काम मी अभिमानाने केलं आहे. माझं भांडण ट्रॅक कुठे बांधायचा याच्याशी आहे.

जागा बघायला येणाऱ्याला काय हवं असतं ते मला तोंडपाठ आहे. जमीन सपाट आणि एकसलग हवी. पाऊस कमी हवा, म्हणजे वर्षातले चाचणीचे दिवस वाढतात. खाली पक्का मुरूम हवा, म्हणजे भराव कमी लागतो. वस्ती विरळ हवी, म्हणजे आवाजाची तक्रार येत नाही आणि झाकून ठेवलेल्या नव्या मॉडेलचे फोटो कोणी काढत नाही. महामार्ग जवळ हवा, कारखाने फार लांब नकोत, आणि भाव परवडायला हवा. आता सोलापूरचा माळ डोळ्यांसमोर आणा. वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, काळ्या खडकावर मुरमाचा पातळ थर, मैलोन्‌मैल सपाटी, पुण्याचा महामार्ग दाराशी. सगळ्या कसोट्यांना उतरतो. म्हणून हा विषय मला लांबचा वाटत नाही. आणि ज्या गुणांमुळे ट्रॅकवाल्याला हा माळ आवडेल, त्याच गुणांमुळे काळवीट, लांडगा, खोकड, धाविक आणि माळढोक इथे शतकानुशतकं राहिले. मोकळं, कोरडं, लांबवर नजर जाईल असं रान त्यांना लागतं. दोघांना हवी असलेली जागा एकच आहे.

ट्रॅकला किती जमीन लागते, याचा अंदाज बाहेरच्या माणसाला येत नाही. इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्स हे केंद्र सरकारचं चाचणी केंद्र आहे. तिथला 11.3 किलोमीटरचा अतिवेगाचा ट्रॅक जून 2021 मध्ये सुरू झाला, आणि सगळा परिसर सुमारे 3,000 एकरांचा. इटलीच्या दक्षिण टोकाला नार्दो इथे फियाटने 1975 साली सुरू केलेला ट्रॅक जवळजवळ पूर्ण वर्तुळ आहे, घेर 12.6 किलोमीटर. शाळेतलं गणित करून पाहा. एवढ्या घेराचा व्यास चार किलोमीटर येतो आणि आतली जमीन साडेबारा चौरस किलोमीटर, म्हणजे 3,000 एकरांच्या वर. डांबराचा पट्टा सोळा मीटर रुंद धरला तर प्रत्यक्ष डांबराखाली जाते ती जमीन जेमतेम 50 एकर. अहवालात मोठ्या अक्षरात लिहिले जातात ते हे पन्नास एकर. पण रिंगणाला कुंपण पडलं की मेंढपाळासाठी आणि लांडग्यासाठी तीन हजार एकर गेले.

आणि कुंपण पडतंच. ते टाळता येत नाही, कारण ताशी 200 किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात 55 मीटर पुढे जाते. त्या वेगात समोर ससा जरी आला तरी चालकाच्या जिवावर बेततं. म्हणून जाळी जमिनीत खाली पुरतात, वर काटेरी तार ओढतात, कडेचं गवत वर्षभर कापून ठेवतात म्हणजे त्यात काही लपून बसू नये. चालकाच्या जागी बसून विचार केला तर हे सगळं बरोबर आहे. मी स्वतः त्या जागी बसलो आहे, कुंपण ढिलं असलं तर तक्रार मीच केली असती. म्हणूनच सांगतो, 'ट्रॅकही होईल आणि वन्यजीवांची येजाही राहील' असं कोणी सादरीकरणात दाखवलं तर विश्वास ठेवू नका. आपल्याकडचा लांडग्यांचा एक कळप शंभराहून जास्त चौरस किलोमीटरांत फिरतो. त्याच्या वाटेत चार किलोमीटर रुंदीचं रिंगण आलं की तो वळसा घालतो, आणि वळसा घालताना वस्तीत शिरतो. मग शेळ्या जातात, मग लोक विष घालतात. हा सगळा प्रकार ट्रॅकच्या फाटकाबाहेर घडतो, त्यामुळे त्याचा हिशेब ट्रॅकच्या नावावर कधीच पडत नाही.

कुंपणाने पक्षी अडत नाहीत. एक गोष्ट जवळून पाहिलेली सांगतो. गाव आणि कंपनी सांगत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाही. टिकाऊपणाच्या चाचण्या तीन पाळ्यांत चालतात, रात्रभर. संध्याकाळ झाली की आजूबाजूची माती लवकर निवते, डांबर मात्र बराच वेळ ऊब धरून राहतं. रातवे त्या ऊबेला येऊन ट्रॅकवर बसतात. गाडीचा उजेड पडला की त्यांचे डोळे लाल चमकतात, पण पक्षी अगदी शेवटच्या क्षणापर्यंत उठत नाही. पहाटे पाळी बदलायच्या आधी एक माणूस जीपमधून ट्रॅकची फेरी मारतो. सांडलेला नट, दगड, टायरची चिरफाड झालेली पट्टी, हे उचलणं त्याचं काम. मेलेले रातवे तो फावड्याने कडेच्या गवतात टाकायचा आणि नोंदवहीत 'ट्रॅक साफ' असं लिहून सही करायचा. त्या नोंदवहीत टायरच्या पट्टीसाठी रकाना होता, पक्ष्यासाठी नव्हता. कडेच्या खडीत माळटिटवी अंडी घालायची, कारण तिला ती खडी माळासारखीच दिसते. खडी दाबायला रोलर आला की ती अंड्यांपासून उठून ओरडत राहायची. रोलर चालवणाऱ्याला इंजिनच्या आवाजात ते ऐकू येत नसे, आणि आलं असतं तरी त्याला त्या दिवशी ठरलेलं काम उरकायचं होतं.

माणसं वाईट नव्हती हो. कोणाला काही सांगितलेलंच नव्हतं.

टायरबद्दलही बोललं पाहिजे, कारण धूर दिसतो, टायरची झीज दिसत नाही. चाचणीत टायर मुद्दाम घासला जातो. जोरात ब्रेक, जोरात वळण, पुन्हा ब्रेक. तो झिजतो म्हणजे त्याचा बारीक भुगा ट्रॅकवर आणि कडेच्या मातीत उतरतो, पहिल्या पावसात वाहून ओढ्याला लागतो. टायर ऊन-वाऱ्याने तडकू नये म्हणून त्यात सिक्स-पीपीडी नावाचं रसायन घालतात. त्याचा हवेतल्या ओझोनशी संयोग होऊन जो पदार्थ तयार होतो, तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ओढ्यांमध्ये कोहो सामन मासे मारतो आहे, हे शास्त्रज्ञांनी 2020 च्या डिसेंबरात जाहीर केलं. तिथले लोक कित्येक वर्षं पावसानंतर मासे का मरतात याचा शोध घेत होते. आपल्या ओढ्यांतल्या माशांवर, बेडकांवर त्याचा काय परिणाम होईल हे ट्रॅक बांधून झाल्यावर शोधत बसायचं का? सोलापूरच्या उत्तरेकडच्या माळांचं पाणी आदिला नदीतून इंग्रजांच्या काळात बांधलेल्या एकरुख तलावात येतं. माळावर जे सांडेल ते तिथवर पोहोचू शकतं. आणि कोणी म्हणेल की आता विजेच्या गाड्या येणार, प्रदूषण संपेल, तर विजेची गाडी बॅटरीमुळे जड असते. धूर सोडत नाही हे खरं, टायर मात्र तिचेही झिजतात, आणि वजनामुळे बहुतेक वेळा जास्तच झिजतात.

पाण्याचा दुसरा भागही आहे. ओल्या रस्त्यावर ब्रेक कसा लागतो हे पाहायला फरश्यांचा घसरडा पट्टा करतात आणि त्यावर सतत पाणी सोडतात. पाणी गोळा करून पुन्हा वापरतात हे मान्य, पण सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात उघड्या पट्ट्यावरून किती उडून जाईल याचा विचार करा. ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्या शहराच्या वेशीवर हे चालणार.

आता माळाकडे येतो.

सरकारी माणूस जमीन पाहायला बहुधा मे महिन्यात येतो. तेव्हा माळ उघडा पडलेला असतो, मुरूम तापलेला, गवताची नुसती थुटकं, अधूनमधून एखादी बोर किंवा हिवर. सातबाऱ्यावर पाहावं तर पड किंवा पोटखराबा. केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशातही अशा झुडपी, गवताळ जमिनी 'पडीक' या सदरात घातलेल्या आहेत. झालं, जागा मोकळी. हाच माणूस ऑगस्टात आला तर? पवन्या, मारवेल, कुसळी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत आलेल्या असतात, चंडोल वर जाऊन गात असतो, माळढोकाचा विणीचा हंगाम ऐन भरात असतो. हिवाळ्यात मध्य आशियातून आलेले भोवत्या पक्षी संध्याकाळी याच गवतात जमिनीवर मुक्कामाला उतरतात. वर्षातून एकदा, चुकीच्या महिन्यात पाहून माळ कळत नाही.

गवताचं मोलही सातबाऱ्यावर येत नाही. आमच्याकडे मेंढरं माळावर चरतात, आणि सुगी झाली की शेतकरी त्यांना आपल्या रानात बसवून घेतो. रात्रभर मेंढरं बसली की रानाला लेंडीखत मिळतं, मेंढपाळाला धान्य नाही तर पैसे मिळतात. आजोळी माझे मामा अजून हे करतात. आमच्याच तालुक्यातल्या, माळढोकासाठी ओळखल्या जाणाऱ्या नान्नजच्या शेतकऱ्याने सोनाका आणि शरद सीडलेससारखी द्राक्षं देशाला दिली. त्या द्राक्षबागेची माती आणि शेजारचा उघडा माळ हे एकाच गावाचे दोन भाग आहेत, एकावर पैसा दिसतो आणि दुसऱ्यावर दिसत नाही एवढाच फरक. ट्रॅकसाठी जमीन गेली तर मोबदला खातेदाराला मिळेल. गायरानावर आणि दुसऱ्याच्या पडीवर पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं चारणाऱ्याच्या नावावर काही नाही, त्यामुळे त्याला काही मिळणार नाही. तो भूसंपादनाच्या यादीत नसतोच.

माळढोकाचा विषय काढला की आपल्या जिल्ह्यात लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात. त्याला कारण आहे आणि ते मी नाकारत नाही. 1979 साली सोलापूर आणि तेव्हाचा अहमदनगर मिळून 8,496 चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. त्यात गावंच्या गावं, बागायती शेतं, रस्ते, सगळं आलं. लोकांची जमिनीची कामं अडली, परवानग्यांसाठी हेलपाटे पडले. पुढे हद्द कमी करत सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आणली, तोवर एका पिढीने पक्ष्याला शिव्या घालून झालं होतं. सोलापूरजवळ बोरामणीच्या नियोजित विमानतळाचं घोडंही वनजमिनीवर आणि माळढोकावर अडलं, तेव्हा पुन्हा तेच. माणसांना न विचारता आखलेली रेघ माणसं मान्य करत नाहीत, हे त्यातून दिसलं. ट्रॅकची रेघही अशीच न विचारता आखली गेली तर फक्त बाजू बदलेल, चूक तीच राहील.

आज देशात माळढोक दीडशेच्या आतच उरले आहेत आणि त्यांतले बहुतेक राजस्थानात जैसलमेरकडे. नान्नजला एखादी मादी दिसली की बातमी होते. पंधरा किलोपर्यंत वजनाचा हा पक्षी उघड्या जमिनीवर एका वेळी बहुधा एकच अंडं घालतो. एवढं हळू वाढणारं घराणं एकदा मोडलं की परत उभं राहायला पिढ्या लागतात. राजस्थान-गुजरातमध्ये उच्चदाबाच्या तारांना धडकून माळढोक मरू लागले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2021 मध्ये तारा जमिनीखालून न्यायचे आदेश दिले. ते किती अवघड आणि महाग आहे यावर वाद झाले आणि मार्च 2024 मध्ये न्यायालयाला तो सरसकट आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमावी लागली. तारा आधी ओढल्या, मग पुरायला निघालो. आधी नकाशा नीट पाहिला असता तर हा प्रश्नच थोडा हलका झाला असता. आणि माझी सर्वांत मोठी भीती अशी आहे की उद्या कोणीतरी म्हणेल, नान्नजला माळढोक आता दिसतच नाही, म्हणजे जमीन मोकळी झाली. लांडगा आहे, खोकड आहे, काळवीट आहे, तरस आहे, पखुर्डीचे थवे आहेत. मेंढरं आहेत. माळ माळढोकासाठी होता, तो गेला की माळाचं काम संपलं, असा हिशेब कृपा करून मांडू नका.

भरपाई म्हणून झाडं लावू, असं प्रत्येक प्रकल्पात सांगितलं जातं. माळाच्या बाबतीत ही भरपाई नाही, हे दुसरं नुकसान आहे. गवताळ रानात सावलीची दाट झाडं उभी केली की गवत मरतं, जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांची लांबवरची नजर अडते, आणि कावळ्या-ससाण्यांना बसायला जागा मिळते. आपल्याच वनखात्याने एके काळी माळांवर गिरिपुष्पाची झाडं लावून हे करून पाहिलं आहे. ज्यांनी नान्नजचे ते तुकडे पाहिले आहेत त्यांना कळेल मी काय म्हणतो ते. सपाट हिरवळ, कडेला अशोकाची रांग, मधे कारंजं, यांना 'हरित पट्टा' म्हणून टक्केवारीत मोजायचं बंद करा.

दुसऱ्या देशांत काय झालं तेही पाहा. नार्दोचा ट्रॅक 2012 पासून पोर्शेकडे आहे. तो वाढवायची मोठी योजना आली, त्यात सुमारे 200 हेक्टर जुनं भूमध्यसागरी जंगल जाणार होतं, तेही युरोपच्या संरक्षित निसर्गक्षेत्रांच्या जाळ्यातलं. बदल्यात दुसरीकडे मोठी लागवड करू असं कंपनीने सांगितलं. गावातले लोक आणि निसर्गप्रेमी रस्त्यावर उतरले, 2024 मध्ये योजना थांबली आणि 2025 मध्ये कंपनीने ती सोडून दिली. कोट्यवधी युरोंचा आराखडा कागदावर राहिला. चुकीची जागा निवडली तर कंपनीचंही नुकसान होतं, हे आपल्या उद्योजक मंडळींनी ध्यानात घ्यावं.

जपानात टोयोटाने आयची प्रांतात शिमोयामा इथे डोंगराळ भागात साधारण 650 हेक्टरवर चाचणी केंद्र उभं केलं. 2019 मध्ये काही भाग सुरू झाला, 2024 मध्ये सगळं पूर्ण झालं. तिथे साशिबा नावाचा स्थलांतर करणारा शिकारी पक्षी घरटं करतो, भातखाचरं आणि झाडीच्या सीमेवर. कंपनीला क्षेत्राचा सुमारे 60 टक्के भाग हिरवा ठेवावा लागला. जंगल फोडलं गेलं हे खरंच, त्याची वाहवा मी करणार नाही. पण किती जमीन हलवायची याचा हिशेब तिथे पक्ष्याला धरून झाला. मर्सिडीजने जर्मनीत इमेंडिंगन इथे 2018 मध्ये सुरू केलेलं 520 हेक्टरचं केंद्र मला जास्त शिकण्यासारखं वाटतं, कारण त्यांनी लष्कराची रिकामी केलेली छावणी आणि सरावाची जमीन घेतली. माणसाच्या हाताखालून आधीच गेलेली जागा. महाराष्ट्रात अशा जागांची वानवा नाही. बंद पडलेल्या दगडखाणी आहेत, औद्योगिक वसाहतींत वर्षानुवर्षं पडून राहिलेले भूखंड आहेत. त्यांचे तुकडे लहान असतील तर मोठा गोल ट्रॅक होणार नाही, पण ब्रेकचा, खडबडीत रस्त्याचा, घाटाचा ट्रॅक होऊ शकतो.

आणि मोठा ट्रॅक प्रत्येक कंपनीला स्वतःचाच कशाला हवा? पिथमपूरचा ट्रॅक सरकारने बांधलेला आहे, भाडं भरून कुठलीही कंपनी तिथे गाड्या नेऊ शकते. अहिल्यानगरला संरक्षण खात्याच्या व्हीआरडीई या वाहन संशोधन संस्थेचे ट्रॅक आहेत, पुण्यात एआरएआय ही वाहन संशोधन आणि तपासणीची संस्था आहे. वेगाच्या चाचण्या वर्षभर रोज लागत नाहीत. वेळापत्रक वाटून घेतलं तर आहे त्या डांबरावर बरंच काम निघेल. गुप्ततेचा मुद्दा येतो, तो मला ठाऊक आहे. गाडीवर नक्षीची पट्टी चिकटवून आणि पाळ्या वेगळ्या करून तो आजही सोडवला जातो.

रोजगाराबद्दल खरं बोलतो, कारण आपल्या पोरांना चाकण-रांजणगावला खोली घेऊन राहावं लागतं याचं दुःख मलाही आहे, मी त्यातलाच एक आहे. कारखाना आला तर हजारो हातांना काम मिळतं. नुसत्या ट्रॅकला एकरी फार थोडी माणसं लागतात : चालक, तंत्रज्ञ, सुरक्षारक्षक, गवत कापणारे. अभियंते गाडीबरोबर येतात आणि गाडीबरोबर जातात. शिमोयामाला तीन हजार माणसं काम करतात असं सांगितलं जातं, पण तिथे ट्रॅकबरोबर गाड्यांचं डिझाइन आणि विकासाचं सगळं केंद्रच आहे. सोलापूरला ते केंद्र मिळणार असेल तर त्याची बोलणी करा, चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीत त्याला जागा द्या. माळ देऊन हाती फक्त रखवालदाराच्या नोकऱ्या येणार असतील तर तो सौदा तोट्याचा आहे.

कायद्यातली एक फट तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली माहीत असेल, पण गावात ती कोणालाच माहीत नाही म्हणून इथे लिहितो. पर्यावरण मंजुरीची 2006 ची केंद्राची अधिसूचना काढून पाहा. खाण, धरण, विमानतळ, महामार्ग यांची नावं अनुसूचीत आहेत. वाहनांचा चाचणी ट्रॅक असा वेगळा वर्ग नाही. मग असा प्रकल्प बांधकाम किंवा क्षेत्रविकास या सदरात घालता येतो, आणि त्या सदरातल्या प्रकल्पांना मूळ अधिसूचनेनेच जनसुनावणीतून सूट दिलेली आहे. म्हणजे महामार्ग जाणार असेल तर गावाला बोलावून विचारायचं, आणि त्याच गावाच्या माळावर ताशी अडीचशे किलोमीटरचं रिंगण येणार असेल तर विचारायची सक्ती नाही. राज्य सरकारने हा वर्ग अनुसूचीत घालण्यासाठी केंद्राकडे आग्रह धरावा. तो होईपर्यंत सोलापूर जिल्ह्यात अशा प्रकल्पासाठी जनसुनावणी घ्यायचीच, असं जिल्हा प्रशासनाने स्वतःहून ठरवायला कुठला कायदा आड येत नाही.

माझं मागणं फार नाही. उद्योगांना दाखवायच्या जमिनींची यादी तुम्ही करता, तेव्हा कुठल्याही गवताळ तुकड्याचं नाव त्यात घालण्याआधी तो पावसाळ्यात, हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात, तिन्ही ऋतूंत पाहून घ्या. पाहायला जाताना वनविभागाच्या माणसाबरोबर त्या रानात मेंढरं चारणारा माणूसही गाडीत घ्या, त्याला कुठल्या ओढ्याच्या कडेला लांडगीण विते हे ठाऊक असतं. पर्यावरणाचा अहवाल करणाऱ्या संस्थेला पैसे कंपनी देते हे बदलत नसेल, तर निदान पाहणीच्या तारखा जिल्ह्याने ठरवाव्यात, म्हणजे मे महिन्यातल्या चार दिवसांत वर्षाचं पान भरलं जाणार नाही. जो ट्रॅक आधीच मोडलेल्या जमिनीवर होईल, त्यालाही विणीच्या काळात रात्रीच्या पाळ्या बंद, दिव्यांचा झोत खाली, पावसाचं पहिलं पाणी ओढ्यात न सोडता तेल आणि टायरचा भुगा गाळून काढणाऱ्या तळ्यात, आणि त्या नोंदवहीत मेलेल्या पशुपक्ष्यांचा रकाना, एवढ्या अटी लेखी घाला. ती नोंदवही दर महिन्याला वनविभागाकडे जावी.

आणि जमिनींची ती यादी गट क्रमांकासकट, मराठीत, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा आणि ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवा. मेंढपाळ सुगीनंतर मुक्काम हलवतात, म्हणून ती सभा ते गावात असतील अशा वेळी बोलवा. ट्रॅकचे नकाशे सामान्य माणसाला कळत नाहीत, उतार, वळणाचा कल, पाण्याचा निचरा कुठल्या बाजूला जाणार हे सगळं चिन्हांत असतं. उत्तर सोलापूर, मोहोळ, बार्शी, अक्कलकोट, कुठल्याही गावाने बोलावलं तर ते नकाशे समजावून सांगायला मी सुट्टी काढून येईन. तुमच्या कार्यालयातल्या अधिकाऱ्यांनी बोलावलं तरी येईन.

आपला नम्र,
उत्तर सोलापूर तालुक्यातील एक वाहन चाचणी तंत्रज्ञ